दोन कानांचा नियम

३ ऑक्टोबर

हानेलोरेचा निरोप आला. अकरा वर्षं ही जर्मन बाई नोव्हेंबरात आमच्या म्बुरो तळ्यावर पक्षी बघायला येते, आणि अकरा वर्षं तिच्या निरोपाची पहिली ओळ एकच असते: एफ्राइम, सकाळच्या होडीत माझ्याशेजारी तू. यंदा लिहिलंय, 'गेल्या वर्षी आपल्याबरोबर होती ती मुलगी सकाळी होडीवर मिळेल का? तिचे कान विलक्षण आहेत. तू दुपारी जीपमध्ये असशीलच. अर्थात तुला चालणार असेल तर.'

मला चालणार नाही. 'आनंदाने' असं उत्तर पाठवलं.

ती मुलगी म्हणजे रोझेट काबाहेंडा. तोरोकडची. तोरोच्या लोकांना जन्मनावाखेरीज एक मायेचं नाव असतं आणि त्या नावानं हाक मारली नाही तर त्यांना परकं केल्यासारखं वाटतं. हिचं अकीकी. तीन वर्षांपूर्वी आली तेव्हाच मी सांगितलं होतं, आम्ही अंकोलेची माणसं, लाडाची नावं गाईंना ठेवतो. आता धक्क्यावरचे सगळे, फाटकावर पावत्या फाडणारी अ‍ॅग्नेस, म्हातारा नावाडी रुतारो, आणि घरी माझी बायको केलेनसुद्धा, अकीकी अकीकी करत असतात. मी रोझेट म्हणतो.

हे नोंदवहीच्या मागच्या पानांवर लिहितोय. पुढची पानं पक्ष्यांची आहेत, ती कुणीही उघडतं. मागून वही कुणी उघडत नाही.

६ ऑक्टोबर

गाइडांच्या खोपीबाहेर फळा आहे. आठवड्यात कोणते पक्षी दिसले आणि कोणते नुसते ऐकू आले ते त्यावर लिहायचं. शनिवारी ते मोठ्या वहीत उतरतं. दिसलेल्याला एक सही पुरते. ऐकलेल्याला दोन लागतात, दोन वेगळ्या गाइडांच्या. हा नियम मीच घातला, बारा वर्षांपूर्वी, एक शहरी गाइड होडीत डुलक्या काढत चाळीस आवाज 'ऐकून' गेला होता तेव्हा. सगळे त्याला दोन कानांचा नियम म्हणतात.

आज रोझेटच्या नावापुढं तीन 'ऐकला' होते. तिन्ही बारीक आवाजाचे: पपायरसच्या बेटातले दोन जातींचे वटवटे आणि एक बुटका खंड्या. मी तिच्याबरोबर त्याच होडीत होतो. मी एकही ऐकला नाही.

"मुकुरू, सही राहिली," ती म्हणाली. मुकुरू म्हणजे थोरले. हा मान ती न चुकता देते.

"मी ऐकलं नाही त्याच्याखाली सही करत नाही."

"दुसऱ्या वळणावरचा वटवट्या तर दहा मिनिटं ओरडत होता."

"मग त्याचं तुझ्याशी काही खासगी असेल."

बाकीचे हसले. ती हसली नाही. तिनं स्वतःच फडकं घेऊन तिन्ही ओळी पुसल्या.

घरी येताना मला बरं वाटत होतं. असं वाटायला नको, पण वाटत होतं.

११ ऑक्टोबर

पाऊस वेळेवर आहे, गवत गुडघ्याच्या वर गेलंय, आणि तरी यंदा रातकिडे नाहीत. संध्याकाळी अंगणात बसलो तर नुसते बेडूक, आणि लांबून पाणघोड्यांचं हसणं. पूर्वी या दिवसांत रातकिड्यांमुळे शेजारच्याचं बोलणं कळायचं नाही. माझा संशय गोचिडाच्या औषधावर आहे. उद्यानाच्या हद्दीबाहेर लोक गुरांवर वाटेल तसं फवारतात. आधी किडे जाणार, मग किडे खाणारे पक्षी.

पक्षी चाललेच आहेत. जुन्या वह्या काढून बघितल्या. सहा वर्षांपूर्वी ऑक्टोबरात एका सकाळी मी तेहेतीस आवाज लिहायचो. गेल्या वर्षी एकवीस. आता सतरा-अठरा. इथं तळं मुकं होत चाललंय आणि ही पोरगी फळ्यावर जास्तीचे पक्षी चढवतेय. तिच्या खोटेपणापायी खरं नुकसान झाकलं जाणार. म्हणजे हा नुसता माझा हेवा नाही, हे इथं लिहून ठेवतो.

केलेनला रातकिड्यांचं सांगितलं. ती वाटाणे सोलत होती.

"आहेत की," ती म्हणाली.

"कुठं?"

"सगळीकडे, आमोनच्या बाबा."

मग माझ्याकडे जरा वेळ बघत राहिली आणि म्हणाली, फोन कधीचा वाजतोय. फोन माझ्या मांडीशेजारीच होता. हे नवे फोन कसले पातळ वाजतात.

१६ ऑक्टोबर

काल दोन डच पाहुणे होते. मी पुढं, रोझेट मधे, रुतारो मागं सुकाणूवर. रोझेटला एक खोड लागलीय. पाहुण्यांना दिसणार नाही असं, मांडीजवळ, एका दिशेला बोट करते आणि माझ्याकडे बघते. मी तिकडे दुर्बीण लावतो, पक्षी सापडतो, मी नाव सांगतो, पाहुणे माझं कौतुक करतात. पण तिला ठाऊक असतं, मला ठाऊक असतं, आणि रुतारोलाही, कारण मागं बसलेल्याला सगळ्यांचे हात दिसतात. असा मिंधेपणा मला नको. उतरल्यावर तिला बाजूला घेतलं.

"बोट आवर तुझं. मी काय नवशिका आहे?"

"बरं, मुकुरू."

"हे असलं शिकवलं कुणी तुला?"

"पक्षी तुम्ही शिकवले. बोट माझं मी शिकले."

तोरोची माणसं उलट उत्तरसुद्धा मधात बुडवून देतात.

आज तिनं एकदाही बोट केलं नाही. हात मांड्यांखाली दाबून बसली होती. सकाळ फार रिकामी गेली. पाहुणे दोनदा म्हणाले, कालच्यापेक्षा पक्षी कमी आहेत. मी त्यांना गोचिडाच्या औषधाचं सांगितलं, आणि संध्याकाळी उद्यानाच्या कचेरीला तसं तक्रारीचं पत्रही पाठवलं.

२१ ऑक्टोबर

तळ्यावर उद्यान व्हायच्या आधी याच उतारावर मी बापाच्या गाई चारल्या. धुक्यात गाय दिसत नाही. हंबरण्यावरून ओळखायचं, कोणती वाट चुकलीय, कोणती विणार आहे, कुणाला बिबट्याचा वास आलाय. पुढं पक्षी शिकलो ते पुस्तकातून नाही, असंच. लोक मला कानवाला म्हणायचे. अजूनही सांग्याच्या बाजारात जुनी माणसं म्हणतात.

आणि आता विलक्षण कान हिचे. जिनं गाय राखली नाही. जिच्या फोनमध्ये सगळे आवाज भरलेले आहेत. तेच ऐकून ऐकून हिच्या डोक्यात वाजत असणार, आणि हिला वाटतं बाहेर वाजलं.

रुतारोला सरळ विचारलं. तो इंजिनाच्या दोरीला तेल लावत होता.

"दुसऱ्या वळणावर तुला वटवट्या ऐकू आला होता?"

"मी नावाडी आहे, सेबो. मला इंजिन ऐकू येतं." सेबो म्हणजे साहेब.

"इंजिन बंद होतं."

"मग बंद इंजिन ऐकत होतो."

"तू तिच्या बाजूचा आहेस."

"मी होडीच्या बाजूचा आहे," तो म्हणाला. "होडीत दोघं भांडली की ती एका अंगाला कलते."

२७ ऑक्टोबर

आज तक्रार दिली.

झालं असं, की गाइड संघाचा अध्यक्ष बायारुगाबा, जुना रेंजर, दोन महिने माझ्याहून मोठा, मला चहाला घेऊन गेला. डिसेंबरातल्या मोजणीचा विषय काढला. पहाटेपासून अंधार पडेपर्यंत तळ्यावरचे झाडून सगळे पक्षी मोजायचे. चौदा वर्षं त्या तुकडीचा म्होरक्या मी आहे.

"यंदा तू थोडी विश्रांती घे, एफ्राइम."

"मी दमलोय असं कुणी सांगितलं?"

"कुणी नाही. पोरांनाही संधी मिळू दे."

"पोरांना की पोरीला?"

त्यानं चहात साखर घातली आणि ढवळतच राहिला. तेवढ्यानं समजलं.

कागद तिथंच मागून घेतला. 'रोझेट काबाहेंडा न ऐकलेले पक्षी ऐकले म्हणून लिहिते. गेल्या दोन महिन्यांतल्या तेवीस नोंदींना माझी सही नाही, कारण मी हजर असून ते आवाज झालेले नाहीत.' सिद्ध झालं तर गाइडाचा बिल्ला जातो. तिचा बिल्ला गेला तर फोर्ट पोर्टलला परत जाऊन भावाच्या दुकानात बसावं लागेल. हे तिनंच मला एकदा सांगितलं होतं, वर म्हणाली होती, दुकानात खिडकीसुद्धा नाही, मुकुरू.

सही करताना ते आठवलं. तरी केली.

३ नोव्हेंबर

दुपारी झोपून उठलो तर रोझेट अंगणात. केळ्यांचा घड घेऊन आलेली. तक्रारीचं तिला कळलंय, सगळ्यांना कळलंय. मला वाटलं रडेल, विनवेल. तिनं वाकून नमस्कार केला, तब्येत विचारली, गाईंची विचारली, आमोनची विचारली. तक्रारीचा त बोलली नाही. केलेननं तिला ज्वारीचा आंबूस बुशेरा प्यायला दिला, मोठ्या पेल्यात, जो मला सणालाच मिळतो.

मग दोघी गोठ्याजवळ जाऊन बोलत बसल्या. मी उंबऱ्यात होतो, फार तर वीस पावलांवर. एक शब्द ऐकू येऊ दिला नाही त्यांनी. केलेन काहीतरी विचारत होती, रोझेट बोटांवर मोजून सांगत होती. एकदा दोघींनी एकदम माझ्याकडे बघितलं. माझ्याच घरात, माझ्याच बायकोशी, ही माझ्याबद्दल कुजबुजते.

ती गेल्यावर विचारलं, काय चाललं होतं?

"तक्रार मागं घ्या," केलेन म्हणाली.

"तूही तिच्याकडून?"

"तुमच्याकडून आहे म्हणून सांगते. मागं घ्या, आणि म्बाराराला जाऊन डॉक्टरला दाखवून या."

"मला काय झालंय?"

तिनं काहीतरी उत्तर दिलं, पण पाठमोरी होऊन, पेला विसळत. मी परत विचारलं नाही. राग डोक्यात गेला की बायकांना माणूस आजारीच वाटतो.

घडातली केळी चांगली निघाली. त्यांचा वाफवून केलेला मटोके मऊसूत झाला. मी कमी खाल्ला.

१० नोव्हेंबर

हानेलोरे आली. आज पहिली सकाळ. मी काठावरच्या उंच बाभळीखाली उभा राहिलो. गस्त घालतोय असं दाखवायला काठी बरोबर घेतली होती. दुर्बिणीतून होडी स्पष्ट दिसत होती. हानेलोरे पुढं, शेजारी रोझेट. रोझेट डोळे मिटून बसते, मग मान थोडी वळवते, मग बोट. आता तिला लपवायचं काही नाही. हात पूर्ण लांब करते. हानेलोरे हसते, वहीत लिहिते. तिसऱ्या वेळी तिनं रोझेटच्या खांद्यावर हात ठेवला.

अकरा वर्षांत माझ्या खांद्यावर ठेवला नव्हता. मी पुरुष आहे, ते शोभलंही नसतं. पण ठेवला नव्हता हे खरं.

तीन तास उभा होतो. पाणगव्यांचा कळप पाठीमागून चाळीस पावलांवर आलेला मला कळला नाही. रेंजरनं लांबून हात हलवले तेव्हा बाजूला झालो.

१२ नोव्हेंबर

दुपारच्या जीपमध्ये आज मी हानेलोरेला बिबट्या दाखवला. उंबराच्या आडव्या फांदीवर, शेपटीचं फक्त टोक खाली. बाकीच्या दोन जीपा त्याच झाडाखालून निघून गेल्या होत्या. "तुझ्यासारखे डोळे मी कुणाचे पाहिले नाहीत, एफ्राइम," ती म्हणाली. दोन दिवसांनी पहिल्यांदा घास नीट गिळला.

मग परतताना तिनं आपल्या पांढऱ्या केसांमागून एक वाटाण्याएवढी वस्तू काढून तळहातावर ठेवली. कानात घालायचं यंत्र. म्हणाली, सहा वर्षं वापरते, आधी लाज वाटायची, पण पक्षी परत मिळाले. सगळे नाही, पण पुष्कळ. आणि माझ्याकडे बघत बसली, जणू मी काही बोलावं.

मी म्हटलं, वय झालं की असं व्हायचंच, बाई.

ती म्हणाली, हो, आणि यंत्र परत कानात घातलं. बिचारी. शेवटी प्रत्येकाला आपलं म्हातारपण कुणाला तरी दाखवायचं असतं.

१८ नोव्हेंबर

संघाची बैठक. बायारुगाबानं तोडगा काढला. शनिवारी सकाळी सात ते आठ, धक्क्याजवळच्या मोकळ्या जागी रोझेट आणि मी एकमेकांकडे पाठ करून बसायचं. फोन नाही, दुर्बीण नाही. कानावर येईल तो पक्षी वेळेसकट लिहायचा. तिसऱ्या बाजूला अ‍ॅग्नेस बसणार. तिला कोंबडीखेरीज पक्षी ठाऊक नाही, तिनं नवा आवाज आला की नुसती रेघ ओढायची. मग कागद ताडून बघायचे. रोझेटच्या कागदावर जास्तीचे पक्षी निघाले आणि ते मी आणि अ‍ॅग्नेसनं ऐकले नसतील, तर बिल्ला जमा.

रोझेट म्हणाली, "मला मान्य आहे."

मीही म्हटलं, मान्य आहे. रुतारो कोपऱ्यात बसला होता. त्यानं टोपी काढून चेहऱ्यावर ओढून घेतली.

२४ नोव्हेंबर

जे झालं ते क्रमानं लिहितो.

सात वाजता बसलो. वारा नव्हता. मत्स्यगरुड, पाणकोंबडी, दोन जातींचे बगळे, टिटवी, कवडा, झुडपातला लाल पोटाचा खाटीक, सगळे भराभर लिहिले.  पाठीमागं तिची पेन्सिल चालल्याचं कळत नव्हतं, पण पाठीला तिच्या हातांची हालचाल जाणवत होती.

साडेसातच्या सुमाराला माझ्यासमोर, चार पावलांवर, कोरफडीच्या लाल तुऱ्यावर एक शिंजीर येऊन बसला. हिरवा, छाती तांबडी, उन्हात पेटलेला. त्यानं चोच उघडली. गळा थरथरायला लागला, इतका की पिसं उभी राहिली. मी वाट बघितली. तो मला तोंड उघडून काहीतरी दाखवत होता, आणि आवाज नव्हता.

पहिल्यांदा मनात आलं, मध गिळतोय. मग आलं, आजारी असेल. तो अर्धा मिनिट तसाच थरथरला, थांबला, परत थरथरला. गिळणारा पक्षी मान खाली घालतो. मी छप्पन्न वर्षांचा आहे, शिंजीर गाताना कसा दिसतो ते मला माहीत आहे.

ऐकलेलं लिहायचं होतं. दिसलेलं नाही. मी लिहिला नाही.

आठ वाजता बायारुगाबानं कागद गोळा केले आणि मोठ्यानं वाचले. माझे सतरा. रोझेटचे सतरा. तेच सतरा. वेळेतही एखाद्या मिनिटापलीकडे फरक नाही. अ‍ॅग्नेसच्या रेघा एकतीस.

"अ‍ॅग्नेसनं बेडूकही मोजले असतील," बायारुगाबा म्हणाला. अ‍ॅग्नेस म्हणाली, "बेडूक मला कळतो, सेबो. मी गाढव नाही." पण तिचं कुणी ऐकलं नाही. बायारुगाबा रोझेटकडे वळला. "मुली, तुझे आणि एफ्राइमचे पक्षी जुळतात. मग फळ्यावरचे ते तेवीस कुठले? ते आज का नाहीत?"

"कदाचित मी चुकत असेन," रोझेट म्हणाली. खाली बघत.

"म्हणजे ऐकले नव्हतेस?"

"कदाचित."

तीस वर्षं मी हे काम करतोय. दोन गाइडांच्या याद्या कधी जुळत नाहीत. एकाला कवडा आधी येतो, दुसऱ्याला नंतर. एक टिटवी सोडतो, एक खाटीक. बाप-लेकांच्या जुळत नाहीत. तंतोतंत जुळायच्या तर एकानं दुसऱ्याचे कान पाठ केलेले असावे लागतात. कुठं संपतात, कोणता आवाज आत येतो, कोणता दारातून परत जातो, हे सगळं. माझ्याकडे पाठ करून बसली होती ती, आणि माझ्या कानांनी ऐकत होती.

तेवढ्यात रुतारो बोलला. तो काही समितीत नाही. म्हणाला, "आणि तो शिंजीर? कोरफडीवरचा? त्यानं तर माझ्या डोक्याला भोक पाडलं. दोघांनीही लिहिला नाही?"

 बायारुगाबानं कागद खाली ठेवला. रोझेटनं रुतारोकडे असं बघितलं, जणू त्यानं तिची होडी बुडवली होती.

मला गप्प बसता आलं असतं. हे लिहून ठेवतो. बिल्ला तिचा जाणार होता, मोजणी माझी राहणार होती, आणि शिंजिराचं उद्या सगळे विसरले असते. मी मनात तेवढं मोजलंही. मग बघितलं तर मी उभा होतो.

"शिंजीर मी बघितला," मी म्हटलं. "तो गात होता. मला ऐकू आला नाही. हिला आला, हिनं मुद्दाम लिहिला नाही."

"एफ्राइम, बस," बायारुगाबा हळू म्हणाला. त्याला आधीपासून ठाऊक होतं, हे त्या 'बस'मध्येच कळलं. सगळ्यांना ठाऊक होतं.

"तिच्या तेवीस नोंदी खऱ्या असणार. मी त्यांच्याखाली सही करू शकत नाही, कारण मी ऐकल्या नाहीत. आणि ज्याला ऐकू येत नाही त्याची सही इथून पुढं कुठल्याच ऐकलेल्या पक्ष्याखाली घेऊ नका. माझं नाव काढा."

"मोजणीत मग..."

"मोजणीतूनही."

त्यानं पेन उचललं, पण लिहिलं नाही. मीच त्याच्या हातातून घेतलं आणि खोपीच्या भिंतीवरच्या मोजणीच्या यादीतलं माझं नाव खोडलं. एक रेघ पुरली नाही, दोन मारल्या. अ‍ॅग्नेस नाक पुसत होती.

परतताना रोझेट मागून आली. मी भरभर चाललो, तीही चालली. बाभळींच्या पट्ट्यात मी थांबलो.

"कधीपासून माहीत होतं तुला?"

"गेल्या वर्षीच्या आधीच्या पावसापासून."

"दोन वर्षं."

"हो, मुकुरू."

"आणि बोलली नाहीस."

"कसं बोलणार? तुम्ही मला रोझेटखेरीज काही म्हणत नाही, मी तुम्हाला बहिरे म्हणू?"

"दया आली असेल माझी."

"नाही," ती म्हणाली. ती चिडली होती. तीन वर्षांत पहिल्यांदा तिच्या आवाजातला मध गेला होता. "भीती वाटली. तुम्ही गेलात तर मला कोण शिकवणार? फोन? फोनला माहीत आहे कोणत्या वळणावर कोण घरटं करतं?"

"तू मला माझ्याच तळ्यावर दोन वर्षं पाहुणा करून ठेवलंस. पाहुण्यांना दाखवतात तसं बोटानं दाखवत राहिलीस."

"मग काय करायला हवं होतं मी? सांगा ना."

 तिनं सांगितलं असतं तर मी तक्रार दोन वर्षं आधी केली असती, एवढंच.

वाट फुटली तिथं ती गाइडांच्या खोल्यांकडे वळली. वळून म्हणाली, "उद्या मोजणीच्या तयारीला सात वाजता होडी काढतेय. तुम्ही यादीत नाही, पण होडीत जागा आहे."

मला नाही म्हणायचं होतं.

"सातला काय उपयोग," मी म्हटलं. "फिनफूट पक्षी उजाडायच्या आत पाण्यावरच्या फांदीवरून उतरतो आणि सावलीत शिरतो. त्याला आवाज नसतो. तुझे कान तिथं काही कामाचे नाहीत. सव्वासहा."

"सव्वासहा," ती म्हणाली.

केलेनला सगळं सांगितलं. ती माझ्या अगदी समोर येऊन बसली आणि तोंडाकडे बघून बोलली, आणि मला कळलं की ती महिनोन् महिने अशीच बोलतेय. मंगळवारी म्बाराराला जायचं ठरलं. गोचिडाच्या औषधाचं पत्रही परत मागवायला हवं.

हेवा गेलेला नाही. शिंजीर कसा वाजतो ते ती उद्या ऐकेल, परवा ऐकेल, आणि तिला त्याचं काही वाटणारही नाही.

२५ नोव्हेंबर

सहाला पाच कमी असताना धक्क्यावर पोचलो. अंधारच होता. रोझेट आधीच येऊन होडीतलं पाणी उपसत होती. याचाही राग आला.